सांतो दोमिंगो : ओझामाकाठची जुनी राजधानी

वेस्ट इंडीज हे नाव मराठी घरांत पोहोचले ते बहुधा क्रिकेटच्या सामन्यांमुळे. परंतु या नावात 'इंडीज' हा शब्द कोठून आला, याचा विचार क्वचितच केला जातो. हिंदुस्थानचा जलमार्ग शोधावयास निघालेला कोलंबस इ. स. १४९२ मध्ये अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियन समुद्रातील बेटांवर उतरला आणि आपण पूर्वेकडील इंडीजच्या दारात पोहोचलो, अशी त्याची समजूत झाली. समजूत चुकीची होती. पण नाव राहिले. त्या बेटांपैकी एकाचे नाव त्याने 'ला एस्पान्योला' असे ठेवले. पुढे ते हिस्पॅनिओला म्हणून प्रसिद्ध झाले. आज त्याच्या पश्चिम भागात हैती व पूर्वेकडील मोठ्या भागात डोमिनिकन प्रजासत्ताक अशी दोन राष्ट्रे नांदत आहेत. या दुसऱ्या राष्ट्राची राजधानी सांतो दोमिंगो हीच आजच्या भाषणाचा विषय होय.

अमेरिका खंडात युरोपीय लोकांनी वसविलेल्या आणि तेव्हापासून अखंड नांदत्या राहिलेल्या नगरांत सांतो दोमिंगो सर्वांत जुने आहे. कोलंबसाचा भाऊ बार्तोलोमे याने १४९६ ते १४९८ या सुमारास ओझामा नदीच्या पूर्वतीरावर त्याची वसाहत केली. १५०२ मध्ये एका भयंकर वादळाने ती उद्ध्वस्त झाली. या वादळाची कथा मोठी चमत्कारिक आहे. चौथ्या सफरीवर आलेल्या कोलंबसाने आकाशाची लक्षणे ओळखून बंदरात आसरा मागितला आणि स्पेनकडे निघालेला ताफा रोखून धरावा, असाही निरोप पाठविला. नवा गव्हर्नर निकोलास दे ओवांदो याने दोन्ही गोष्टी नाकारल्या. ताफ्यातील बहुतेक जहाजे सागराच्या तळाशी गेली. आडोसा शोधून राहिलेला कोलंबस मात्र वाचला. त्यानंतर ओवांदोने नगर नदीच्या पश्चिमतीरावर नव्याने आखले. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि मध्ये मोकळा चौक, अशी ती आखणी होती. पुढे स्पॅनिश अमेरिकेतील असंख्य नगरे याच धर्तीवर उभी राहिली.

आज या महानगराची लोकवस्ती तीस लाखांहून अधिक आहे. तथापि प्रवाशाला ओढून नेणारा भाग म्हणजे नदीच्या मुखाशी असलेली जुनी नगरी. तिचे क्षेत्र सुमारे एक चौरस किलोमीटर एवढेच आहे, आणि ती पायी हिंडूनच पाहावी. १९९० मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला. त्याच्या चारच वर्षे आधी जुन्या गोव्यातील चर्चे व मठ त्या यादीत आले होते. ज्याने जुने गोवे पाहिले आहे, त्याला सांतो दोमिंगो सर्वस्वी परके वाटणार नाही. आफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकला तो १५१० च्या नोव्हेंबरात. कोलंबसाच्या मुलाचा राजवाडा ओझामाकाठी उभा राहू लागला तोही याच सुमारास. गोव्यात जांभा दगड, तर येथे समुद्रातील प्रवाळापासून बनलेला, उन्हात सोनेरी दिसणारा चुनखडीचा दगड, एवढा भेद सोडला, तर दोन्हीकडे एकाच युगाची छाया पडलेली दिसते.

फिरण्याचा आरंभ 'कायये दे लास दामास' म्हणजे 'स्त्रियांचा रस्ता' येथून करावा. युरोपीय लोकांनी अमेरिकेत फरसबंदी केलेला हा पहिला रस्ता, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. १५०९ मध्ये कोलंबसाचा पुत्र दिएगो गव्हर्नर होऊन आला, तेव्हा त्याची पत्नी मारिया दे तोलेदो हिच्याबरोबर स्पेनमधील कुलीन स्त्रियांचा परिवार होता. संध्याकाळी त्या या रस्त्याने फिरावयास जात, म्हणून हे नाव पडले. रस्त्याच्या दक्षिण टोकाला ओझामाचा किल्ला आहे. त्याच्या मध्यभागी 'तोर्रे देल ओमेनाखे' हा जाड भिंतींचा चौकोनी बुरूज उभा असून ओवांदोच्याच कारकिर्दीत त्याचे काम झाले. पुढे दीर्घकाळ तो तुरुंग म्हणून वापरला गेला. येथील एक किल्लेदार गोन्सालो फेर्नांदेझ दे ओव्हिएदो हा इतिहासकारही होता. नव्या जगातील झाडे, फळे, प्राणी आणि चालीरीती यांचे विस्तृत वर्णन त्याने लिहून ठेवले. किल्ल्यात त्याचा पुतळा आहे.

याच रस्त्याने उत्तरेकडे गेल्यास राष्ट्रीय स्मृतिमंदिर लागते. अठराव्या शतकात जेझुइटांनी बांधलेले हे चर्च. हुकूमशहा त्रुहियो याने १९५० नंतरच्या दशकात त्याचे रूपांतर राष्ट्रपुरुषांच्या समाधिस्थानात केले. आपलेही दफन तेथेच व्हावे, अशी त्याची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. त्याच्यापुढेच 'कासास रेआलेस' म्हणजे राजगृहे आहेत. गव्हर्नरची कचेरी आणि १५११ मध्ये स्थापन झालेले राजन्यायालय येथे होते. आता तेथे वसाहतकाळाचे वस्तुसंग्रहालय आहे. रस्त्याच्या अखेरीस विशाल प्रांगण आणि त्यापलीकडे नदीकडे तोंड करून उभा असलेला दिएगो कोलंबसाचा राजवाडा, 'अल्कासार दे कोलोन'. कमानींच्या दोन मजली ओवरीमुळे तो किल्ल्यासारखा उग्र न दिसता हवेशीर वाड्यासारखा दिसतो. एके काळी तो पडझडीस आला होता. १९५० नंतरच्या दशकात त्याची डागडुजी होऊन त्यात संग्रहालय थाटण्यात आले. क्युबा, जमैका, पोर्तो रिको या बेटांवर स्पॅनिश सत्तेने पाय रोवले ते याच बेटावरून निघालेल्या मोहिमांच्या बळावर. मेक्सिको जिंकणारा कोर्तेसही आधी काही वर्षे याच बेटावर राहिला होता.

येथून नगराच्या मुख्य चौकात यावे. तेथे अमेरिकेतील पहिले कॅथीड्रल आहे. पोप दुसरे ज्युलियस यांनी १५११ मध्ये येथे धर्मप्रांत स्थापिला. बिशप आलेसांद्रो जेराल्दिनी या इटालियन पंडिताच्या काळात बांधकामास चालना मिळाली आणि १५४० च्या सुमारास ते पूर्ण झाले. आत गॉथिक पद्धतीच्या कमानींचे छत, बाहेर रेनेसाँस शैलीचे कोरीव प्रवेशद्वार, आणि दोन्ही बाजूंस लहान लहान प्रार्थनामंदिरे अशी त्याची रचना आहे. १५४६ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी या धर्मप्रांतास महाधर्मप्रांताचा दर्जा दिला. चाळीस वर्षांनी, १५८६ मध्ये, इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याने नगर लुटले. कॅथीड्रलमध्येच त्याने मुक्काम ठोकला आणि पंचवीस हजार डुकाटांची खंडणी घेऊन मगच तो निघून गेला.

याच कॅथीड्रलशी कोलंबसाच्या अस्थींचा वाद निगडित आहे. सोळाव्या शतकात त्या स्पेनहून येथे आणण्यात आल्या. १७९५ मध्ये स्पेनने हा प्रदेश फ्रान्सला दिला, तेव्हा अस्थी हवानाला हलविल्या गेल्या, आणि १८९८ मध्ये तेथून सेव्हिलला. परंतु त्याआधीच, १८७७ मध्ये, कॅथीड्रलच्या दुरुस्तीत एक शिशाची पेटी सापडली होती आणि तिच्यावर कोलंबसाचे नाव होते. सेव्हिलमधील अस्थींच्या जनुकीय तपासणीने स्पेनच्या दाव्यास बळ मिळाले आहे. सांतो दोमिंगोनेही आपला दावा सोडलेला नाही. ही पेटी आता नदीपलीकडील 'फारो आ कोलोन' म्हणजे कोलंबसाच्या दीपगृहात आहे. जोसेफ ली ग्लीव्ह या ब्रिटिश वास्तुकाराची आखणी १९३१ मध्ये निवडली गेली, परंतु क्रुसाच्या आकाराची ही काँक्रीटची अजस्र वास्तू प्रत्यक्षात उघडली ती १९९२ मध्ये, कोलंबसाच्या सफरीस पाचशे वर्षे झाली तेव्हा. तिच्यासाठी गरिबांच्या वस्त्या उठविण्यात आल्या आणि त्यावरून देशात कडवट टीका झाली. एका मृताच्या पेटीसाठी जिवंत माणसांची घरे पाडावीत काय, हा प्रश्न त्या भिंतींपाशी आजही मनात येतो.

आणि येथेच, श्रोतेहो, या नगराची दुसरी बाजू पुढे येते. आतापर्यंत जे पाहिले ते जिंकणाऱ्यांचे नगर. कॅथीड्रलसमोरील चौकात कोलंबसाचा एक पुतळा आहे. १८८७ मध्ये एर्नेस्त जिल्बेर या फ्रेंच शिल्पकाराने तो घडविला. दर्यावर्दी हात उंचावून दिशा दाखवितो आणि त्याच्या पायथ्याशी एक आदिवासी स्त्री त्याचे नाव कोरीत वर चढते आहे. ती आनाकाओना, असे लोक मानतात. खरी आनाकाओना ही हारागुआ प्रदेशाची ताइनो राणी होती. १५०३ मध्ये ओवांदो तिच्या भेटीस गेला, तिने त्याचे स्वागत केले. त्याने तिच्या सरदारांची कत्तल केली आणि पुढे तिला फाशी दिले. जिला जिंकणाऱ्यांनी मारले, तिच्याच हाताने त्यांचे नाव कोरविणारे ते शिल्प पाहताना, दगडही असत्य बोलू शकतो, हे ध्यानात येते.

ताइनो हे या बेटाचे मूळ रहिवासी. कोलंबस आला तेव्हा त्यांची संख्या किती होती याविषयी अंदाजांत फार तफावत आहे. परंतु १५१४ च्या मोजणीत स्पॅनिशांनी वाटून घेतलेले ताइनो अवघे सव्वीस हजारांच्या आसपास उरले होते. सोन्याच्या खाणींतील सक्तीची मजुरी, उपासमार, हत्याकांडे, आणि १५१८ च्या अखेरीस आलेली देवीची साथ, यांनी एक संपूर्ण समाज अर्ध्या शतकाच्या आत मोडून टाकला. तरी तो नि:शेष पुसला गेला नाही. डोमिनिकन लोकांच्या रक्तात त्याचा अंश आहे, आणि जगाच्या भाषांत त्याचे शब्द आहेत. इंग्रजीतील वादळाचा 'हरिकेन' हा शब्द ताइनोंचा. मराठी स्वयंपाकघरातील 'बटाटा' हाही मुळात त्यांचाच; त्यांच्या भाषेतील रताळ्याचे नाव पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे येऊन दुसऱ्याच कंदाला चिकटले. आणि ज्या कंदापासून उपवासाचा साबुदाणा तयार होतो, त्याच्याच पिठाची 'कासाबे' नावाची पातळ, कोरडी भाकरी ताइनो भाजीत असत. ती आजही तेथे खाल्ली जाते. २०२४ मध्ये युनेस्कोने तिच्या परंपरेची नोंद घेतली.

या अन्यायाविरुद्ध पहिला जाहीर आवाज याच नगरात उठला, आणि तो धर्मपीठावरून उठला. १५१० मध्ये दोमिनिकन संघाचे मूठभर संन्यासी येथे आले. पेद्रो दे कोर्दोबा हा त्यांचा तरुण प्रमुख. दगडी कॅथीड्रल अजून उभे राहावयाचे होते आणि संन्यासी गवताने शाकारलेल्या झोपडीत राहत. ताइनोंचे हाल पाहून त्यांनी आपसांत विचारविनिमय केला, एक प्रवचन लिहून काढले, सर्वांनी त्यावर सह्या केल्या आणि ते देण्याचे काम आंतोनिओ दे मोंतेसिनोस याच्यावर सोपविले. २१ डिसेंबर १५११, आगमनकाळाचा चौथा रविवार. दिएगो कोलंबस आणि सर्व अधिकारी मुद्दाम निमंत्रण देऊन बोलाविलेले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वचनापासून आरंभ करून मोंतेसिनोसने श्रोत्यांना सरळ विचारले की, या लोकांना कोणत्या न्यायाने गुलाम केले आहे, त्यांच्या देशात शिरून युद्ध करण्याचा अधिकार कोणी दिला, आणि ते मनुष्य नव्हेत काय. या स्थितीत तुमचा उद्धार होणे शक्य नाही, असेही त्याने बजावले.

मंडळी खवळली. त्याच दिवशी अधिकारी मठाच्या दारात गेले आणि शब्द मागे घ्यावेत, अशी त्यांनी मागणी केली. पुढल्या रविवारी मंदिर पुन्हा भरले. सर्वांना वाटले, आता क्षमायाचना होणार. मोंतेसिनोसने आधीचेच म्हणणे अधिक कठोर शब्दांत मांडले. प्रकरण राजा फेर्दिनांदपर्यंत गेले. त्यातून १५१२ चे बुर्गोसचे कायदे निघाले. त्यांनी सक्तीची मजुरी बंद केली नाही, तिला काही मर्यादा घातल्या. आणि त्याही बव्हंशी कागदावरच राहिल्या. मोंतेसिनोसचा शब्द त्या पिढीतील ताइनोंना वाचवू शकला नाही, हे मान्य करणेच प्रामाणिकपणाचे होय.

मग त्याचे फळ काय? ओवांदोच्या ताफ्याबरोबर आलेला बार्तोलोमे दे लास कासास हा धर्मगुरू स्वत: ताइनो मजूर बाळगून होता. १५१४ मध्ये त्याने त्यांचा त्याग केला, पुढे तो दोमिनिकन झाला आणि उरलेले दीर्घ आयुष्य त्याने मूळ रहिवाशांच्या कैवारात घालविले. मोंतेसिनोसच्या प्रवचनाचा आशय आज उपलब्ध आहे तो लास कासासने लिहून ठेवल्यामुळेच. परंतु त्याच्या चरित्रातही एक काळी रेघ आहे. ताइनोंचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकन गुलाम आणावेत, अशी सूचना त्याने प्रारंभी केली होती. उतारवयात त्याला तिचा तीव्र पश्चात्ताप झाला. तथापि तोवर गुलामांची जहाजे येतच राहिली होती. अमेरिकेतील पहिले साखरेचे घाणे याच बेटावर फिरू लागले, आणि १५२१ च्या नाताळात दिएगो कोलंबसाच्याच उसाच्या मळ्यावर आफ्रिकनांचे बंड झाले. एकाला सोडविण्यासाठी दुसऱ्याच्या पायात बेडी घालणे म्हणजे न्याय नव्हे, हा धडा या नगराने फार मोठी किंमत देऊन शिकविला आहे.

म्हणून प्रवाशाने राजवाडा पाहून परतू नये. दोमिनिकनांचे दगडी चर्च व मठ आजही उभे आहेत. १५३८ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने येथेच विद्यापीठ स्थापन झाले आणि ते अमेरिकेतील पहिले, असा त्या देशाचा दावा आहे. त्या चर्चमधील एका प्रार्थनामंदिराच्या छतावर बारा राशींची कोरीव चक्राकृती आहे. ख्रिस्तमंदिरात असे शिल्प विरळाच. जवळच सान निकोलास रुग्णालयाचे भग्नावशेष आहेत. त्याचा पाया ओवांदोने १५०३ मध्ये घातला; परंतु त्याआधी एका कृष्णवर्णी स्त्रीने आपल्या झोपडीत आजाऱ्यांना आसरा दिला होता, अशी परंपरा आहे. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मानवसंग्रहालयाच्या दारासमोर तीन पुतळे एकत्र उभे आहेत. ताइनोंचा बंडखोर नायक एन्रिकियो, आफ्रिकन गुलामांचा नायक लेंबा, आणि लास कासास. चौकातील कोलंबसाला दिलेले हे जणू उत्तरच होय.

अलीकडच्या इतिहासाच्या खुणाही पाहण्यासारख्या आहेत. 'एल कोंदे' या गजबजलेल्या पादचारी रस्त्याच्या पश्चिम टोकाला जुनी वेस आहे. २७ फेब्रुवारी १८४४ रोजी तेथेच हैतीपासून स्वातंत्र्याची घोषणा झाली. दुआर्ते, सांचेझ व मेया या तिघा राष्ट्रनिर्मात्यांच्या समाध्या शेजारच्या उद्यानात आहेत. येथे एक गोष्ट विसरू नये की, या भूमीवरील गुलामगिरी कायमची नष्ट झाली ती १८२२ मध्ये, हैतीच्याच अमलाखाली. १९३० च्या चक्रीवादळाने नगराची दैना झाल्यावर त्रुहियोने ते पुन्हा बांधले आणि १९३६ मध्ये त्याला स्वत:चे नाव दिले. पाव शतक नकाशावर सांतो दोमिंगो नव्हते, 'सिउदाद त्रुहियो' होते. १९३७ मध्ये त्याच्या हुकुमाने सीमेवर हजारो हैतियनांची कत्तल झाली. २५ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला विरोध करणाऱ्या मिराबाल घराण्यातील तीन बहिणींची हत्या करण्यात आली. तोच दिवस आज जगभर स्त्रियांवरील अत्याचारांच्या निषेधाचा दिवस म्हणून पाळला जातो. १९६१ च्या मे महिन्यात त्रुहियो मारला गेला आणि त्याच वर्षी नगराला त्याचे नाव परत मिळाले. जुन्या नगरीतील प्रतिकार संग्रहालयात, २०११ पासून, त्या काळातील बळींची स्मृती जपली जाते. समुद्रकाठच्या रस्त्यावर त्रुहियोने स्वत:च्या गौरवासाठी उभारलेल्या स्तंभावर पुढे मिराबाल भगिनींची चित्रे रंगविण्यात आली.

नगराचे आणखी एक धन दगडात नाही, नादात आहे. उत्तर सीमेवरील व्हिया मेया येथे 'पवित्र आत्म्याचे काँगो' नावाचा एक बंधुसंघ आहे. आफ्रिकन गुलामांच्या वंशजांनी जपलेले त्यांचे ढोल सणाला जसे वाजतात, तसेच मृताला निरोप देतानाही वाजतात. युनेस्कोने २००१ मध्ये त्यांचा गौरव केला. ज्यांचे देव, भाषा आणि नावेही हिरावून घेतली गेली, त्यांनी नव्या धर्मात आपला ढोल मात्र सोडला नाही. कॅथीड्रलच्या कमानींइतकाच तोही या नगराचा वारसा आहे.

दिवसाच्या शेवटी समुद्रकाठी जावे. तेथे मोंतेसिनोसचा प्रचंड पुतळा आहे. मेक्सिकोच्या लोकांनी तो १९८२ मध्ये भेट दिला. एक हात तोंडाशी धरून, वाऱ्यावर आवाज पोहोचविण्यासाठी तो ओरडतो आहे, असे शिल्पकाराने त्याला दाखविले आहे. खाली लाटा आपटतात, रस्त्यावरून मोटारी धावतात, मुले बर्फाचा गोळा खात जातात. त्याला मंदिरात ऐकून घेणारे होते, तरी त्यांतील फार थोड्यांनी ऐकले. सांतो दोमिंगोस जाणाऱ्याने राजवाडा, किल्ला, कॅथीड्रल अवश्य पाहावे. ती पाहण्याजोगीच आहेत. पण ज्या मजुरांच्या हातांनी ते दगड रचले, त्यांच्याविषयी त्या संन्याशाने विचारलेला प्रश्नही सोबत घेऊन यावे. कारण तो प्रश्न कोणत्याही देशातल्या जुन्या किल्ल्यापाशी, मंदिरापाशी वा चर्चपाशी विचारण्यासारखा आहे.